खालची ओळ

दिवसभर मी लोकांना विचारत असते:
आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?
खुर्चीत अवघडून बसलेली माणसं,
नाकावर चाचणीची जड चौकट,
नापास होऊ या भीतीनं म्हणतात,
परत दाखवा, नीट कळलं नाही.

आज साडेअकराला
तक्त्यावरचा 'ग' अर्धा गेला.
मग 'च'च्या पोटात करवत फिरू लागली,
दातेरी, चंदेरी, कडेकडेनं सरकणारी.
समोरच्या आजोबांनी खालची ओळ वाचली.
बरोबर, म्हणाले मी. अंदाजानं.

वीस मिनिटं असतात हातात.
पूर्वी तेवढी पुरायची:
पर्सच्या आतल्या कप्प्यातली गुलाबी गोळी,
दोन घोट पाणी, विषय संपला.
तिच्यावर डॉक्टर तांबोळींनी फुली मारली पाचव्या आठवड्यातच.
ही नाही. ही तर नाहीच.
ही साधी पांढरी चालेल, तीही मला विचारून.
दर खेपेला दंडाला पट्टा आवळतात,
पावलांवर अंगठा दाबून खळगा पडतो का बघतात.
"नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, तर सकाळ होण्याची वाट बघू नका."
मी मान हलवते.
मान हलवली की दुखतं.

नेहमीपेक्षा वेगळं!
एखादं दुखणं इतकं ओळखीचं व्हावं
की त्याचा नुसता सूर बदलला तरी कळावं,
म्हणजे संसारच की हा.

लक्ष्मी रस्त्यावर ऊन
प्रत्येक दुचाकीच्या आरशात वेगळं उभं होतं.
नसरीननं रिक्षात बसवलं, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी दिली,
आणि रिक्षावाल्याला दम: हॉर्न वाजवायचा नाही.
त्यानं आलेपूल येईपर्यंत शब्द पाळला.

सासूबाईंचा सुंठीचा लेप,
मावससासूबाईंचं "पहिलटकरणीला होतंच",
शेजारच्या काकूंचं शहाळं.
सगळ्यांना मला काहीतरी खायला घालायचंय.
माझे डोहाळे कुणी विचारले नाहीत.
आंबट नको, गोड नको.
काळोख हवा. गार, बिनवासाचा,
कुणाच्याही फोडणीपासून तीन मजले लांब.

मुकुलनं खिडकीला जुनं सतरंजीचं कापड ठोकलंय.
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून
खिशात घालून हिंडतो,
आमच्या घरात दोन वाजून दहा मिनिटंच असतात मग.
ओला नॅपकिन कपाळावर ठेवून
पाय न वाजवता जातो. दाराला धडकतो.

साडेसहाला नदीपात्रात पथकाचा सराव सुरू झाला.
पहिला ठोका डाव्या भुवईत ऐकू आला.
ताशाच्या काड्या डोळ्याच्या मागं, सुकल्या हाडावर.
शिव्या द्याव्यात, तर कुणाला?
एकोणिसाव्या वर्षी मीही वाजवलाय ढोल,
याच पात्रात, कमरेला दोर करकचून,
बोटांना चिकटपट्ट्या.
काठावरच्या इमारतींत
कुणी काळोख पांघरून पडलं असेल
असं एकदाही मनात आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात तू.
जिथं दोर असायचा बरोब्बर तिथं,
आतून एक टिचकी.
थांबून, दुसरी.
ठोक्यावर नाही, जरा मागून,
पहिल्या आठवड्यातल्या वादकासारखी.
अगं किंवा अरे, जे असशील ते,
तुला आवडतंय हे?
इथं माझी कवटी फुटायची वेळ,
आणि तुला हात धरायला ठेका सापडला!

हसू आलं. हसल्यानं कळ गेली मानेपर्यंत.
मग उलटी. मग थोडा मऊ भात, मीठ घालून.
तुझ्याकडं तो काळोख आहे फुकटचा, चोवीस तास,
आणि तू त्यात बसून दाराला लाथा मारतेस. मारतोस.

साडेनवाला पात्र गप्प झालं.
मुकुल दाराशी, कुजबुजत: आता कसं आहे?
मी बराच वेळ दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं,
डोकं, पोट.
परत विचार, म्हणाले.
नीट कळलं नाही.